ताणावर सोडलेलं गवत

"चाचा, ही गवतं मरत का नाहीयेत?"

तरुण संशोधक कादंबरीनं हे इतकं कळवळून विचारलं की तिऱ्हाईत माणसाला तिच्या काळजाबद्दल शंका आली असती. चांद बागवानला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. खडकीच्या त्या गवत संशोधन केंद्रात त्याला पगार मिळायचा तो गवतं वेळेवर वाळावीत म्हणूनच.

प्लास्टिकच्या छपराखाली उकिडवा बसून तो कुंड्यांच्या रांगा न्याहाळत होता. प्रत्येक कुंडीत मारवेल गवताचा एक ठोंब आणि कुंडीवर पांढऱ्या रंगात एक आकडा. पाणी तोडून बरेच दिवस झाले होते. एव्हाना निम्म्या कुंड्यांनी माना टाकायला हव्या होत्या. पण दुपारी त्या पानं मिटून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताठ उभ्या असायच्या.

"थंडी आहे अजून," तो म्हणाला. "ऊन लागलं की बसतील खाली."

"कसली थंडी, चाचा? संक्रांत होऊन गेली. मी घामानं निथळतेय आणि ह्या बघा, लग्नाला निघाल्यासारख्या."

चांद हसला. गुडघ्यावर हात टेकून उठला आणि सवयीनं त्यानं बाहेरच्या करंजाकडे पाहिलं. करंजाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत त्याची बायको नसीमबानू बसली होती. ओढणी डोक्यावर होती, चपला पायांत होत्या. म्हणजे सगळं ठीक होतं.

बागवानांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फळंच विकली गेली. मंडईत आजोबांचा गाळा होता, वडिलांचा होता, आता चुलतभावाचा आहे. महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा चांद हा घरातला पहिलाच. वडिलांचा जन्म पेरूच्या टोपल्यांवर पाणी शिंपडण्यात गेला आणि मुलाला नोकरी लागली ती पाणी न देण्याची, यावरून मंडईत त्याची पुष्कळ थट्टा झाली होती. डाळिंबवाले बहर धरण्याआधी बाग ताणावर सोडतात, म्हणजे पाणी तोडतात, तसं इथे गवत ताणावर सोडायचे. कुठल्या कुंडीतलं पान आधी मिटतं, कुठलं पिवळं पडतं, ते चांदनं पाहायचं आणि कादंबरीला सांगायचं. मातीतला ओलावा मोजायचं एक यंत्र होतं म्हणा, पण ते दुरुस्तीला गेलं होतं आणि तिकडेच रमलं होतं.

हे सगळं कशासाठी, ते कादंबरीनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"चाचा, या गवताच्या आत एक बुरशी राहते. बाहेरून दिसत नाही. पानाच्या बुडाशी, पेशींच्या मधल्या जागेत. समजा, भाडेकरूच."

"पुण्यातला?"

"पुण्यातला."

"मग कोर्टात केस असेल."

"नाही ना! तीच तर गंमत आहे. गवत तिला खायला घालतं आणि उन्हाळ्यात पाणी तुटलं की ती गवताला धरून ठेवते. आणि ही बुरशी बियांतून पुढे जाते, आईकडून मुलीकडे. पाऊसपाणी बरं असलं तर दोन्ही गवतं सारखीच दिसतात. उलट बुरशीवालं कधीकधी बोटभर बुटकंच राहतं. आत कोणी आहे की नाही, ते कळतं वाईट दिवसांत."

निम्म्या कुंड्यांतली गवतं अशी बुरशीवाली होती. उरलेल्यांचं बी आधी गरम पाण्यात धरून आतली बुरशी मारून टाकलेली. कुठल्या आकड्यात बुरशी आहे हे फक्त केंद्रप्रमुख अभय सरांना ठाऊक होतं. कादंबरीला सांगायचं नाही, चांदलाही नाही. कारण माहीत असलं की माणसाचे डोळे पक्षपात करतात. वाळक्या डोंगरांवर हे गवत लावता येईल का, धनगरांच्या मेंढ्यांना चैत्र-वैशाखात चार काड्या मिळतील का, असा एकूण प्रश्न होता. दिल्लीहून मिळणारा निधी मार्चअखेर संपणार होता आणि निकाल चांगला लागला तरच पुढचा मिळणार होता.

नसीमबानू इथे येऊ लागली ती दिवाळीनंतर.

तिचा विसरण्याचा आजार तीन-एक वर्षांपासूनचा. आधी किल्ल्या गेल्या, मग दुधात मीठ पडलं, मग एकदा ती कसबा पेठेतल्या स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी उभी राहून घर विचारत होती. ती मूळची सासवडकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा शेजारणी हसतात म्हणून ती महिन्याभरात पेठेतली शुद्ध भाषा बोलायला शिकली होती आणि पुढे साडीला फॉल लावून घ्यायला आलेल्या बायकांच्या 'आनी-पानी'च्या चुका काढायची. आजारानं आधी ती भाषा नेली. आता ती माहेरचं बोलायची, आणि चांदला का कोण जाणे, तेवढं एक बरं वाटायचं. निदान काहीतरी परत आलं होतं.

मुलगा कामरान शारजात, मुलगी नाजिमा सोलापूरला सासरी. दुपारचं शेजारच्या सुशीलाबाई पाहायच्या, पण त्यांना त्यांच्या मुलानं वाकडच्या फ्लॅटवर नेलं. मग चांद तिला कामावर घेऊन येऊ लागला. स्कूटरवर मागे बसवायचा आणि तिच्या ओढणीचं टोक स्वतःच्या कमरेला बांधायचा, कारण एकदा वाकडेवाडीच्या सिग्नलला ती शांतपणे उतरून चालू लागली होती. बघणारे हसायचे. एका वाहतूक हवालदारानं विचारलंही, "काय चाचा, पळून जाईल अशी भीती वाटते?" चांद म्हणाला, "हो."

करंजाखालच्या खुर्चीत ती दिवसभर बसे. चांद एक मोठी बाटली भरून तिच्याजवळ ठेवी. ती पाणीच पीत नाही, त्यानं तिचा गोंधळ जास्त वाढतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी एक भांडं प्यायला लावायचं म्हणजे मारामारी. इथे मात्र बाटली रिकामी व्हायची. तो पुन्हा भरायचा, ती पुन्हा रिकामी करायची. त्यानं नाजिमाला फोनवर अभिमानानं सांगितलं होतं, "तुझी अम्मी इथे खूश आहे बघ. पाणी किती पिते!"

कादंबरी गवतावर वैतागून गेली, त्याच दिवशी दुपारी चांद मागच्या बाजूला फाटलेलं प्लास्टिक शिवत होता. सुतळी संपली म्हणून तो पुढे आला. खुर्ची रिकामी होती. फाटक, रस्ता, रेल्वेचे रूळ हे सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि मग त्याला ती दिसली. ती छपराखाली कुंड्यांच्या दोन रांगांमध्ये उभी होती. हातात बाटली होती.

ती प्रत्येक कुंडीपुढे थांबत होती. पानं उघडी असली तर पुढे जात होती. मिटलेली दिसली की वाकत होती, बुडाशी पाणी ओतत होती आणि माती बोटानं दाबत होती, हळूहळू, एक थेंब बाहेर न सांडता. कित्येक महिन्यांत चांदनं तिला कुठलंच काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत करताना पाहिलं नव्हतं. ती चमचा उचलायची आणि तो कशाला उचलला ते विसरायची. आणि इथे ती रांगेतली एकही मिटलेली कुंडी सोडत नव्हती.

"नसीम," तो हळूच म्हणाला.

तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा पूर्वीसारखा होता, फॉलचा धागा दातानं तोडताना असायचा तसा.

"अहो, ह्यास्नी कुनी पानी पाजत न्हाई का हो?" ती म्हणाली. "रोज मीच घालते. लई तान्हेली अस्त्यात."

बाटली काढून घ्यायला हवी होती हे चांदला कळत होतं. पण ती रांग पूर्ण होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्यानं तिचा हात धरला आणि तिला खुर्चीत आणून बसवलं. त्या दिवसापासून बाटली त्यानं आपल्याजवळ ठेवली आणि पाणी स्वतःच्या हातानं पाजायला लागला. ती दोन घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची. म्हणजे इतके दिवस ती प्यालीच नव्हती. त्याचंही त्याला वाईट वाटलं.

दोन दिवसांनी अभय सरांनी आकडे उघडले आणि कादंबरी त्यांच्या खोलीतून बाहेर आली ती रडवेली होऊन.

"उलटं आलंय, चाचा," ती म्हणाली. "बुरशीवाल्या कुंड्या जरा पिवळ्याच. आणि बिनबुरशीच्या हिरव्यागार. म्हणजे बुरशीचा उपयोग तर नाहीच, उलट ती भारच आहे गवताला."

"मग?"

"मग काय. सर म्हणाले, निकाल तो निकाल. अहवाल लिहायचा आणि बंद करायचं. बीसुद्धा ठेवायचं नाही म्हणाले, शीतपेटीत जागा नाहीये."

चांदनं मान हलवली. त्याला सगळं समजलं होतं, आणि ते समजणारा तो एकटाच होता. जी गवतं आधी मिटली, त्यांना नसीमनं पाणी दिलं. आधी मिटली ती आत कोणी नसलेली. ज्यांच्या आत बुरशी होती ती उघड्या पानांनी तग धरून राहिली आणि म्हणून त्यांना कुणी पाणी पाजलं नाही.

हे सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण सांगितलं की नसीमबानूचं इथे येणं बंद होणार, हेही तितकंच स्पष्ट होतं. मग ती जाणार कुठे? घरात, एकटी, बाहेरून कुलूप लावून. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं. नोकरी सोडावी तर तिची औषधं कशी आणायची. नाजिमाला बोलवावं तर तिच्या सासूचं दुखणं आणि कडेवर छोटी अलिझा. त्यानं प्रत्येक बाजूनं विचार करून पाहिला आणि प्रत्येक वेळी शेवटी ते कुलूपच दिसलं.

संध्याकाळी त्यानं खिचडी टाकली, नसीमला मोरीवर नेऊन हातपाय धुवायला लावले आणि पुढ्यात बसवून तिचे केस विंचरले. समोर गल्लीत यमुनाबाई त्यांच्या फुलांच्या गाडीवर गजरे ओवत होत्या. पलीकडून तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज येत होता.

"आज कामाला न्हाई का गेलो आपन?" नसीमनं विचारलं.

"गेलो होतो की."

"मंग पानी न्हाई घातलं मी."

"तू नाही घातलंस."

"का?"

चांदनं फणीतले केस काढले, त्यांची गुंडाळी केली. हिला आपलं लग्न आठवत नाही, कामरानचं नाव आठवायला अर्धा तास लागतो, पण गवताचं आठवतं, याचा त्याला राग आला. मग रागाची लाज वाटली. गवताचं एवढं काय घेऊन बसायचं, असं त्यानं स्वतःला बजावलं. एक अहवाल चुकीचा गेला तर दिल्लीत कोण उपाशी मरणार आहे? असे कितीतरी अहवाल कपाटात धूळ खात पडलेत. पोरगी हुशार आहे, तिला दुसरं काम मिळेल. गवत मुकं आहे, ते कुणाकडे तक्रार करणार नाही. त्यानं ठरवून टाकलं, गप्प बसायचं. आणि त्याला बरं वाटलं. त्या रात्री झोपही लागली.

सकाळी केंद्रात कादंबरी लॅपटॉप घेऊन छपराशीच बसली होती. तिनं नसीमबानूसाठी चिक्की आणली होती. चिक्की ती नेहमी आणायची आणि कुसकरून द्यायची, कारण नसीमचे दात राहिले नव्हते.

"झालं लिहून," ती म्हणाली. "चाचा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही रोज इतकं मन लावून पाहिलंत. शेवटी आभार मानलेत ना, तिथे तुमचं पहिलं नाव टाकलंय. 'काटेकोर निरीक्षणाबद्दल श्री. चांद बागवान.'"

चांद तिच्याकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या नावामागे कुणी श्री लावल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"ते काढा," तो म्हणाला.

"काय?"

"माझं नाव. काढा तिथून."

"का हो चाचा? रागावलात?"

"पाणी घातलं गेलंय कुंड्यांना."

"कुणी?"

चांदनं करंजाकडे पाहिलं. कादंबरीनंही पाहिलं. नसीमबानू ओंजळीतला चिक्कीचा चुरा एकेक कण उचलून खात होती.

"सगळ्यांना नाही," चांद म्हणाला. "ज्या मिटल्या, त्यांनाच. रोज. मला कळलं त्याला तीन दिवस झाले. मी बोललो नाही."

कादंबरीनं लॅपटॉपवरचे आकडे पुन्हा चाळले. मग तिचा चेहरा उजळायला लागला.

"ज्या मिटल्या त्यांनाच? म्हणजे बिनबुरशीच्या? अय्या चाचा! म्हणजे बुरशीवाल्यांना थेंबही मिळाला नाही, आणि तरी त्या पाणी मिळालेल्यांच्या जवळजवळ बरोबरीनं उभ्या होत्या? म्हणजे ती काम करतेय! मस्त काम करतेय!" ती उठून उभी राहिली. "राखीव कुंड्या आहेत आपल्याकडे. मार्चच्या आत पुन्हा होईल सगळं. मी सरांना आत्ताच..."

ती धावत निघाली आणि मध्येच थांबली. वळून तिनं चांदकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. आपण कशावर खूश झालो ते तिला उशिरा समजलं होतं. चूक तिची काहीच नव्हती. वय लहान होतं आणि गवत जगलं होतं.

"चाचा, मावशींना मात्र..." एवढं बोलून ती थांबली.

"हो," चांद म्हणाला. "तुम्ही जा. सरांना सांगा."

अभय सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चांदला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहा संपेपर्यंत मुद्द्याला हात घातला नाही.

"चांदभाई, आपल्या मिसेस इथे येतात हे मला माहीत नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे, रोज खिडकीतून दिसायच्या. पण माहीत नाही असं धरून चालणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. आता कागदावर आलं. आता मला माहीत नाही असं म्हणता येत नाही."

"बरोबर आहे, सर."

"तुम्ही सांगितलंत हे फार मोठं केलंत."

मोठं वगैरे काही चांदला वाटत नव्हतं. आपण बायकोची जागा देऊन गवताची जागा राखली, एवढंच त्याला वाटत होतं, आणि ते बरोबर होतं की नाही याची त्याला अजिबात खात्री नव्हती.

कादंबरीनं खटपट करून फाटकावरच्या केबिनमध्ये नसीमला बसवण्याची परवानगी काढली. शंभू वॉचमन लक्ष ठेवीन म्हणाला आणि त्यानं ठेवलंही. पण खताचा ट्रक आत घेताना त्याची पाठ वळली तेवढं निमित्त पुरलं. पुढचा सगळा वेळ केंद्रातली झाडून सगळी माणसं खडकीत तिला शोधत होती. ती स्टेशनच्या बाकावर सापडली. कुणाचीतरी पिशवी मांडीवर घेऊन ती शेजारच्या बाईला विचारत होती की सासवडची गाडी कधी येणार. सासवडला रेल्वे जातच नाही, हे त्या बाईनं तिला अनेकदा सांगून पाहिलं होतं.

चांदनं जुन्या बाजारातून एक मजबूत कुलूप आणलं.

राखीव कुंड्या छपराखाली आल्या, त्यांचं पाणी तोडलं, आणि त्याच आठवड्यात रमजानचा चंद्र दिसला. चांद पहाटे उठून रोज्याआधीची सहरी करायचा, नसीमला चहात पाव बुडवून भरवायचा, तिच्यासाठी डबा झाकून ठेवायचा, गॅसचा कॉक बंद करायचा, सुऱ्या माळ्यावर टाकायचा आणि बाहेरून कुलूप लावायचा. यमुनाबाईंनी आपणहून सांगितलं होतं, "तुम्ही बिनघोर जा. मी गाडी खिडकीसमोरच लावते. हाक मारीत राहीन." त्या दिवसभर हाका मारायच्याही. नसीमबानू पहिल्या दिवशी दार ठोकत राहिली. दुसऱ्या दिवशी थोडा वेळ ठोकलं. नंतर ठोकायचं थांबली, असं यमुनाबाईंनी सांगितलं तेव्हा चांदला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

कामावर मात्र सगळं सुरळीत चाललं होतं. पहिल्याच आठवड्यात निम्म्या कुंड्या मिटल्या आणि या वेळी त्या उघडल्या नाहीत. पानं सुरळी होऊन पिवळी पडली, मग तपकिरी झाली. शेजारच्या निम्म्या तशाच उभ्या राहिल्या, जरा बुटक्या, जरा निळसर, पण जिवंत. कादंबरी आनंदानं रोज फोटो काढायची. चांद रोज मिटलेल्या कुंड्यांसमोरून जायचा आणि त्यांचे आकडे सांगायचा. त्याचे ओठ सुकलेले असायचे. आजवर तो कितीदा तरी रोजे धरून उन्हात राबला होता, तहानेचं त्याला काही वाटत नसे. पण या वर्षी त्या वाळलेल्या रांगेसमोर उभं राहिलं की त्याला वाटायचं, बाटली आणावी आणि ओतावी. कुणाच्या लक्षात येणार आहे? तो आणायचा नाही. घरी येईपर्यंत अंधारून यायचं. नसीम बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. डबा तसाच असायचा. ती बोलायची कमी झाली होती, आणि हळूहळू तिनं त्याला अहो म्हणणं सोडलं. काहीच म्हणायची नाही.

रमजानचे शेवटचे दिवस होते. सकाळीच ऊन चढलं होतं. चांदनं नेहमीप्रमाणे दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. स्कूटर स्टँडवरून काढताना त्याला खिडकीत हालचाल दिसली.

नसीमबानू गज धरून उभी होती. त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"कुठं चाललास रं बाबा, इतक्या उन्हाचा?" तिनं विचारलं.

चांद स्कूटर तशीच धरून उभा राहिला. आवाज मायेचा होता. वाटेवरच्या अनोळखी माणसाशी खेड्यातली बाई बोलते तसा.

"कामाला," तो म्हणाला.

"लांबनं आलास?"

"हो. लांबून."

"त्वांड कसं सुकून गेलंय तुजं. थांब हितं. जाऊ नगंस."

ती आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला, काहीतरी पडलं, मग थोडा वेळ काहीच नाही. आता ती विसरली असणार, कशाला आत आलो ते तिला आठवत नसणार, असं चांदला वाटलं. यमुनाबाई गजरा ओवायच्या थांबल्या होत्या. मग नसीम आली. दोन्ही हातांत स्टीलचं फुलपात्र होतं, काठोकाठ भरलेलं. दोन्ही हातांनी धरूनसुद्धा थोडं सांडत होतं. ते तिनं गजांमधून बाहेर काढलं.

"घे. पी."

वयाच्या बाराव्या वर्षापासून चांदनं एकही रोजा मोडला नव्हता. टायफॉइडमध्ये डॉक्टरांनी हात जोडले तरी मोडला नव्हता, आणि तेव्हा हीच नसीम उशाशी बसून त्याच्यावर चिडली होती आणि रडलीही होती.

"पी की," ती म्हणाली. "लाजू नगंस. पान्याला कुनी लाजतं व्हय?"

तिच्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. चांदनं फुलपात्र घेतलं. उभ्यानं पाणी प्यायचं नसतं म्हणून तो स्वतःच्याच दाराच्या पायरीवर, कुलपाखाली बसला. बिस्मिल्ला म्हणाला आणि तीन घोटांत, थांबून थांबून, सगळं पाणी प्याला. यमुनाबाईंनी मान फिरवली आणि त्या फुलांवरचं ओलं फडकं उगाचच सारखं करत बसल्या.

त्यानं फुलपात्र गजांमधून परत दिलं. नसीमबानूनं ते उलटं करून पाहिलं. एक थेंब पडला. तिचा चेहरा शांत झाला.

"आता जा," ती म्हणाली. "सावलीनं जा. घरी तुजी वाट बघत असतील."

"हो," चांद म्हणाला.

ती खिडकीपासून दूर झाली. चांद उठला, त्यानं कुलूप एकदा ओढून पाहिलं, आणि स्कूटर ढकलत तो गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला.